नाबोथाचा मळा आणि तीन बेटे

संयुक्त अरब अमिरातीत ३० नोव्हेंबर हा हुतात्म्यांचा स्मरणदिन होय. १९७१ साली याच दिवशी इराणच्या फौजा अबू मुसा, मोठे तुंब व छोटे तुंब या बेटांवर उतरल्या. अबू मुसाविषयी शारजाशी आदल्या दिवशी समझोता जाहीर झाला होता. तुंब बेटे मात्र रास अल खैमाकडून बळाने घेतली, त्यात तेथील एक पोलीस शिपाई मारला गेला. ब्रिटनचे संरक्षण संपायला जेमतेम एक दिवस उरला होता. ब्रिटन स्वस्थ बसले. २ डिसेंबरला अमिराती राष्ट्र जन्मले आणि ९ डिसेंबरला सुरक्षा समितीने हा प्रश्न पुढे ढकलला.

युनोच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्याच्या भूमीवर बळ वापरण्यास मनाई करते. कलम ५१ हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाची मुभा देते. तुंबवरच्या मूठभर पोलिसांनी कोणावर हल्ला केला होता? इराण म्हणतो, बेटे मुळात आमचीच, इंग्रजांनी हिरावलेली. आपले परत घेणे हे आक्रमण कसे?

इथे आपण कोकणचे लोक जरा अडखळतो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा आपल्यातील कोणाला आनंद झाला नाही? पण भारताचाही युक्तिवाद असाच होता, आणि सुरक्षा समितीत भारताविरुद्ध सात मते पडली. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव अडला. भारताने चौदा वर्षे वाट पाहिली, १९६० साली आमसभेने गोव्याला वसाहत ठरवले, तरी पोर्तुगाल जुमानेना, हा फरक मोठा आहे. मात्र सनदेच्या अक्षरात तो सापडत नाही. गोवेकरांनाही आधी कोणी विचारले नव्हते. (१९६७ चा कौल महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही एवढ्यापुरताच होता.)

मलिद्याच्या ताटापुढे आपण ज्यांचे नाव घेतो, त्या एलियाहू हन्नाबींनी अहाब राजाला नाबोथाच्या द्राक्षमळ्यातच गाठले. राजाने दाम देऊ केला होता. वडिलोपार्जित जमीन म्हणून नाबोथ देईना. मग राणीने वडील मंडळी बसवली, दोन साक्षीदार उभे केले, निकालही लावला. सारे रीतसर! हन्नाबींनी ती रीत मानली नाही. दावा खरा की खोटा यापेक्षा, दावा करणाराच न्यायाधीश झाला, हे मला अधिक खटकते.

इराणला दुसरी वाट ठाऊक नव्हती असेही नाही. बहरीनवरही त्याचा जुना दावा होता. १९७० मध्ये युनोच्या प्रतिनिधीने तेथील लोकांचे मत अजमावले, त्यांना स्वातंत्र्य हवे होते, आणि त्याच शहाने ते मान्य केले. तुंबच्या बाबतीत अमिराती आजही म्हणते, बोलणी करा नाहीतर आंतरराष्ट्रीय न्यायालयात चला. तेहरान म्हणते, यात विचारण्यासारखे काही नाही.