सवाल झाला, जवाब राहिला

कळंबोलीचा पोलाद बाजार, तुर्भ्याचं मार्केट यार्ड, न्हावाशेव्याचं बंदर आणि मधून जाणारा मुंबई-पुणे रस्ता. नवी मुंबईची ही बाजू ट्रकच्या चाकांवर चालते. घरापासून लांब आलेले ड्रायव्हर, जमिनीच्या मोबदल्याचा पैसा पाहिलेली गावं, रात्रभर जागा हायवे. इथे आणि पुढे पनवेलपर्यंत लेडीज बार फोफावले यात नवल नव्हतं. टेक्सासमध्येही असंच घडलं होतं. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि तेलविहिरींच्या गावांबाहेर ‘हॉन्की टॉन्क’ म्हणवणारे गुत्ते गजबजले. गिऱ्हाइकांच्या गलक्यात ऐकू जावं म्हणून वादकांनी गिटारी विजेवर आणल्या आणि त्यातून कंट्री संगीतात एक नवा बाज आला. आपल्याकडे बार झाले, पण त्या बारचं म्हणून गाणं झालं नाही. ते का झालं नाही, हे समजून घ्यायला तिकडच्या एका गाण्याची हकिकत उपयोगी पडते.

१९५२ साली हँक थॉम्पसनचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ कंट्रीच्या यादीत पंधरा आठवडे अव्वल होतं. बायको घर सोडून गुत्त्याच्या झगमगाटात रमली, असल्या बायका देवानंच घडवल्या, अशी त्यात नवऱ्याची तक्रार. त्याच वर्षी किटी वेल्सनं ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स’ गाऊन ती तक्रार परतवली: देवाला कशाला बोल लावता, लग्न झालेले पुरुष सडेफटिंग असल्यासारखे मिरवतात, त्याचं काय? एनबीसी रेडिओनं गाणं वाजवायला नकार दिला. तरी ते पहिल्या क्रमांकावर गेलं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकट्या गायिकेला हा मान तोवर मिळाला नव्हता.

मला यातली खरी गंमत चालीत वाटते. दोन्ही गाण्यांची चाल एकच, आणि ती दोघांचीही नव्हे. कार्टर कुटुंबाच्या एका जुन्या विरहगीतात ती होती, रॉय एकफच्या भक्तिगीतातही होती. प्रतिपक्षाचीच चाल धरून त्याला निरुत्तर करायचं, हे कलगी-तुऱ्याचे फड ऐकलेल्या मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडे सवाल टाकला तो सरकारनं. २००५ मध्ये राज्यानं डान्स बारवर बंदी घातली. बारबाला घरं उद्ध्वस्त करतात, हा त्यामागचा एक मोठा युक्तिवाद होता. थोडक्यात, थॉम्पसनचंच गाणं विधिमंडळात. तारांकित हॉटेलं आणि जिमखाने मात्र बंदीतून वगळले होते. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली, ती या भेदभावावरही बोट ठेवून. पुढे २०१६ चा नवा कायदा आला, २०१९ मध्ये त्याच्या जाचक अटी सैल झाल्या. टिप चालेल, पण नोटा उधळायच्या नाहीत. दरम्यान बारमधला नाच मागे पडून ऑर्केस्ट्रा पुढे आला. परवान्यात अट होती: मंचावर चार बायका, चार पुरुष. ही वाटणीसुद्धा रद्द करून घ्यायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. मंचावर किती बायकांनी उभं राहायचं याचा खल दिल्लीपर्यंत झाला. त्या काय गातात, हे कोणीच विचारलं नाही.

त्या गातात हिंदी सिनेमाची गाणी. हॉन्की टॉन्कमध्ये ज्यूकबॉक्स होता. नाणं टाकलं की त्याच लोकांच्या आयुष्यावरची तबकडी वाजायची, म्हणून तसली गाणी लिहिणाऱ्यालाही बाजार होता. बारमध्ये चालते ती फर्माइश, आणि फर्माइश ओळखीच्या गाण्याचीच होते. शिवाय तिथल्या कितीतरी मुली परप्रांतातून आलेल्या. या मातीतला आगरी-कोळी गाण्यांचा धंदा हळदीच्या मांडवात जोरात चालला, कॅसेटवरून यूट्यूबवर गेला. पण त्यात नवरी येते, दर्या येतो, एकवीरा आई येते, हायवेवरचा बार माझ्या तरी ऐकण्यात आलेला नाही. ‘चांदनी बार’ आला २००१ मध्ये, पण तो सिनेमा, आणि हिंदी.

पण गाणाऱ्या बाईच्या बाजूनं विचार केला तर हे कारण पुरेसं वाटत नाही. बंदीविरुद्ध बारबालांची संघटना रस्त्यावर उतरली तेव्हा मोर्चातल्या कितीतरी जणींनी ओढणीनं चेहरे झाकले होते. गावाकडे पैसे जातात, ते कुठून येतात हे गावाला कळू द्यायचं नाही. जवाब गायला मात्र नाव लागतं, तोंड दाखवावं लागतं. किटी वेल्सला ते जमलं, कारण ती गुत्त्यातली नव्हतीच. नवरा जॉनी राइटबरोबर कार्यक्रम करणारी, बत्तीस-तेहतीस वर्षांची, मुलंबाळं असलेली बाई; शब्दही तिचे नव्हते, जे. डी. मिलर या पुरुषाचे होते. आपल्या लावणीतही बाईच्या तोंडचे शब्द बहुतेक वेळा शाहिरानंच घातले. पवळाबाई गायची, लिहायचे पठ्ठे बापूराव. फरक इतकाच की पवळाबाई स्वतः फडातली होती आणि फडावर उभी राहून गात होती. किटी वेल्सच्या बाबतीत अमेरिकेनं जवाब ऐकून घेतला तो जिच्यावर आरोपच नव्हता तिच्या तोंडून, आणि त्या ध्वनिमुद्रणाचे तिला मिळाले सव्वाशे डॉलर.