विचारायची लाज

तव्यावरची पोळी टम्म फुगते आणि चार वर्षांचं पोर विचारतं, "आजी, आत कोण शिरलं?" कणकेतल्या पाण्याची वाफ, एवढंच उत्तर. पण असा प्रश्न आपण शेवटचा कधी विचारला? चाळिशीनंतर न कळलेल्या गोष्टीलाही आपण मान डोलावतो. चारचौघांत अडाणी दिसायची भीती वाटते, आणि कुतूहल तिथेच आटतं.

याउलट धर्मशास्त्राचे अभ्यासक महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचं पाहा. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडा इतिहास द्यावा, इतकाच त्यांचा मूळ बेत. पण एका शोधातून दुसरा निघत गेला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आला, तेव्हा ते पन्नाशीचे होते. पाचवा पूर्ण झाला १९६२ साली, म्हणजे ऐंशी ओलांडल्यावर. सहा हजारांहून अधिक पानं! ज्या वयात आपल्याला सगळं ठाऊक आहे असं माणसं धरून चालतात, त्या वयात ते संदर्भ तपासत बसले होते. मला हे फार मोठं वाटतं.

आज नातवाला मोबाइलमधलं, नाहीतर शेजारच्या माळीदादांना कलमाबद्दल काहीतरी विचारा. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.