शस्त्राचे नामकरण

माझगाव गोदीच्या दफ्तरात जिची ओळख ‘१२७०६’ या अनुक्रमांकाने होती, ती विनाशिका २० एप्रिल २०१९ रोजी प्रथम पाण्याला लागली आणि ‘इम्फाळ’ झाली. आपल्या नौदलात हा विधी मोठ्या निष्ठेने पार पडतो: अथर्ववेदातील मंत्र म्हटले जातात, नारळ फुटतो, बहुधा एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याची पत्नी नौकेचे नाव उच्चारून तिला शुभ चिंतते, आणि मग तो प्रचंड पोलादी देह उतारावरून पाण्याकडे सरकू लागतो. त्या घटकेस नौका अपुरी असते. १६३ मीटर लांबीची आणि सुमारे ७,४०० टन वजनाची ही विनाशिका चार गॅस टर्बाइने, ब्रह्मोस क्षेपणास्त्रे आणि अन्य आयुधे यांनी सिद्ध होऊन प्रत्यक्ष सेवेत रुजू झाली ती २६ डिसेंबर २०२३ रोजी. वेदान्ती ज्यास नामरूप म्हणतात त्यातले नाम येथे आधी येते, रूप मागाहून पूर्ण होते.

परंतु जिचे प्रयोजनच संहार, तिच्यावर जातकाप्रमाणे संस्कार करावा काय? खंडेनवमीच्या शस्त्रपूजेचा दाखला देऊन हा प्रश्न पुष्कळदा निकालात काढला जातो. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. घरच्या तलवारीस गंधफूल वाहणारा मनुष्य ती कोणावर उगारली याचा जाब स्वतः देई. येथे आयुध राज्याचे, हुकूम सरकारचा, आणि नाव मात्र लक्षावधी नागरिकांच्या गावाचे. म्हणून माझे मत असे, की या विधीने शस्त्र पवित्र होत नाही. ज्या गावाचे नाव घेतले ते त्या शस्त्रास जामीन होते, आणि ज्याने नाव घेतले तो त्या गावाचा ऋणको होतो. उपनिषदातील प्रार्थनेवरून नौदलाने जे बोधवाक्य घेतले ते इंद्राला नव्हे, वरुणाला उद्देशून आहे, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. वरुण हा ऋताचा रक्षक, वचनभंग करणाऱ्यास पाशात बांधणारा. ऋग्वेदातील वसिष्ठाच्या वरुणसूक्तांत भक्ताची मुख्य याचना विजयाची नसून अपराधाच्या क्षमेची आहे. अशा देवतेला साक्षी ठेवून दिलेले नाव हलके कसे असेल?

या विनाशिकेच्या वर्गातील विशाखापट्टणम, मुरगाव आणि सुरत या नावांना समुद्राचे सान्निध्य आहे. मणिपूरची राजधानी इम्फाळ मात्र डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातले नगर. १९४४ साली त्याच्या परिसरात महिनोन्‌महिने जे घनघोर युद्ध झाले त्यात ब्रिटिशांच्या सैन्यातही भारतीय होते आणि आझाद हिंद सेनेतही, त्यामुळे हे एकच नाव परस्परांवर बंदुका रोखलेल्या दोन्ही बाजूंच्या मृतांचे स्मारक झाले आहे. ईशान्येतील नगराचे नाव धारण करणारी ही आपली पहिली युद्धनौका. पण नाव ठरले २०१९ मध्ये आणि नौका रुजू झाली तेव्हा, ३ मे २०२३ पासून पेटलेल्या वांशिक हिंसाचाराने मणिपूर होरपळत होते, हजारो कुटुंबे छावण्यांत दिवस काढीत होती. ज्या नगराचे नाव आपण सागरावर मिरवतो त्या नगरातील माणसाला स्वतःच्या घरी निर्भयपणे निजता येत नसेल, तर ऋणकोने व्याजही चुकते केले नाही असेच म्हणावे लागेल. आणि हे मी नौसैनिकांना नव्हे, आपणां सर्वांना उद्देशून म्हणतो.

नौकेच्या मानचिन्हावर एका बाजूस इम्फाळचा कांगला राजवाडा आणि दुसऱ्या बाजूस कांगला-शा आहे: शिर ड्रॅगनसारखे, धड सिंहाचे, मणिपूरच्या लोकांचा पुराणप्रसिद्ध रक्षक. कांगलाच्या किल्ल्यात या रक्षकाच्या दोन भव्य मूर्ती होत्या; १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर विजयी इंग्रजांनी त्या उद्ध्वस्त केल्या. इंग्रज गेल्यावरही किल्ला सशस्त्र दलाच्याच ताब्यात राहिला आणि २००४ मध्ये तो लोकांच्या स्वाधीन झाला. मूर्ती पुन्हा उभ्या राहिल्या त्या त्यानंतर. शस्त्रधाऱ्यांनी फोडलेला रक्षक आज शस्त्रधाऱ्यांच्याच नौकेवर चिन्ह म्हणून विराजमान आहे. इम्फाळचा कोणी वृद्ध रहिवासी ते चिन्ह पाहून अभिमानाने उचंबळून येईल, किंवा कांगलाच्या बंद दरवाजाबाहेर काढलेली वर्षे त्यास आठवतील. कदाचित दोन्ही एकाच क्षणी घडेल, आणि त्या क्षणी त्याने आपल्याकडे हिशोब मागितला तर तो त्याचा हक्कच आहे.