खुंटा कोणी धरायचा?

आषाढी वारीस फलटण-अकलूजच्या वाटेवर दिंडी उतरली की कोणी कोठल्या गावचे हे विचारीत नाही. शाळा उघडतात, घराघरांतून पिठले-भाकरी येते. हे आपल्या गावांचे भूषणच आहे. मग दिवाळीच्या सुमारास त्याच शिवारात बीडकडील ऊसतोडीची टोळी उतरते, तिच्यातील बायकांशी आपले नाते कोणते, हा प्रश्न आम्ही या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहो.

उत्तर बहुधा ठरलेले असते. "ते कामाला आलेत, पैसे घेतात. आपलं काय त्यात?" बोलणे वरवर रास्त वाटते. पण हा पैसा कसा मिळतो तेही पाहावे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'; उचल मुकादमाकडून बहुधा नवऱ्याच्याच हाती पडते. बाई पहाटे काळोखात भाकऱ्या थापते, दिवसभर पाचट सोलून मोळ्या बांधते, डोक्यावरून त्या गाडीवर चढविते, आणि रात्री ट्रक आला की पुन्हा भरायला उठते. कोपीला ना न्हाणी, ना संडास. दुखणे अंगावर काढायचे, कारण खाडा पडला की पैसे कापतात. 2019 साली शासनाने बीड जिल्ह्यात पाहणी करविली, तेव्हा 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहांत एक! आकडा वाचून आम्हांस पान उलटवेना.

मजुरी उसाच्या टनावर मोजतात. बाळंतपण, ताप, उघड्यावर जाण्याची लाज यांचा हिशेब तीत नसतो. ते देणे कारखान्याचे आहे, सरकारचे आहे, व त्यांनी ते चुकते करावेच. परंतु रात्री कळा सुरू झाल्या तर कचेरी काय हो उघडी असते? जवळ दार असते ते आपले.

कोणी म्हणतील, आम्ही जुने लुगडे देतो, सणाला पोळी धाडतो. अवश्य धाडावी. पण जनाबाईंना आठवा. त्याही गंगाखेडहून परगावी आलेल्या, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या. विठोबाने त्यांना पीठ आणून दिले असे कोणी सांगत नाही. तो जात्यापाशी बसला, त्याने खुंटा धरला, असेच आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो.

आज तो खुंटा म्हणजे काय? कोपीवर एक पोटुशी बाई आहे, एवढा निरोप अंगणवाडीच्या ताईंना पोचविणे. शिधापत्रिका आता परगावीही चालते, हे तिला सांगून दुकानापर्यंत सोबत जाणे. तान्हे मूल बांधावर निजलेले असते आणि शेजारून ट्रॅक्टर जात असतात. दुपारपुरते ते आपल्या ओसरीवर निजविणे. न्हाणीचे नाव काढताच विटाळ आडवा येईल, हे आम्ही जाणतो. सोयराबाईंनी त्यावर काय म्हटले ते कीर्तनात आपण ऐकतोच.

यंदाची टोळी चैत्राच्या मागेपुढे परत जाईल. पुढल्या दिवाळीस तीच येईल किंवा दुसरी. त्या बायांनी पाण्याला कोणाच्या दारी यायचे, एवढे आतापासून घरात बोलून ठेवावे.