मुलगा असताना पेन्शन घ्यावे काय?

उपासना संपल्यावर मंडळीतील एका आजीबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, सरकारचे पेन्शन घेतले तर लोक म्हणतील, हिला पोरगा पोशीत नाही. अर्ज करू की नको?" त्यांचा मुलगा रोजंदारीवर आहे. आईला टाकणाऱ्यांपैकी तो नव्हे. पण काम नसले की घरी सर्वांचेच हाल होतात.

आजींचा संकोच उगाच नाही. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना सुरू केली, तेव्हा दरमहा ७५ रुपये मिळत, आणि तेही पासष्टी गाठलेल्या निराधारांनाच. स्वतःची मिळकत नाही आणि घरच्यांचाही आधार नाही, असे दाखवावे लागे. म्हणजे पेन्शन हवे तर मुलाच्या नावाला बट्टा! २००७ मध्ये ही अट जाऊन दारिद्र्यरेषेखालील घर ही अट आली, आणि २०११ मध्ये वय ६० वर आले. केंद्राच्या योजनेत आता मुलगा असणे आड येत नाही.

मग हे दान की देणे? वृद्धापकाळी राज्याने साहाय्य करावे, असे आपल्या संविधानाचे ४१ वे कलम सांगते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या बळावर कोर्टात दावा लावता येत नाही. पण न्याय कोर्टापुरताच असतो काय? निवृत्त शिक्षकाला पेन्शनची लाज वाटत नाही. जिने जन्मभर दुसऱ्यांची शेते निंदली, जिला ना फंड ना ग्रॅच्युइटी, तिने का लाजावे?

मात्र याला दुसरी बाजू आहे. देवाला अर्पण केले, 'कुर्बान' झाले, असे म्हणून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने कडक शब्दांत खडसावले. "सरकार देते ना!" हे आजचे कुर्बान होऊ नये. पेन्शनने औषध येईल. आजारपणात उशाशी बसणारे माणूस त्यातून येत नाही.

आणि मंडळीचे काय? प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आठवा. रोजच्या वाटणीत ज्या विधवांची उपेक्षा झाली, त्या ग्रीक बोलणाऱ्या होत्या. आपल्या मराठी आजींचेही असेच होते. बेळगावकडे कचेरीचा कारभार कन्नडमध्ये, हैदराबादेस तेलुगूमध्ये. अर्ज वाचता येत नाही, हयातीचा दाखला वेळेवर जात नाही, आणि पेन्शन अडते. त्या वेळी मंडळीने नुसती हळहळ व्यक्त केली नाही, सात माणसे नेमली. आपल्या तरुणांना ती भाषा येते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या वर्गाला हा अध्याय शिकवावा, आणि त्याच आठवड्यात दोघांना एकेका आजीबरोबर कचेरीत धाडावे.

मी आजींना म्हणालो, "अर्ज करा. आणि मुलालाच बरोबर न्या." आईचा हात धरून तो कचेरीची पायरी चढला, तर त्याच्या नावाला बट्टा कसा लागेल?