मेहमानाचे नाव

माझ्या मामूंच्या घरी एक वही आहे. लांबट, रेघांची, जाड पुठ्ठ्याची. वाणी उधारी मांडून ठेवतो तशी. मुरूडच्या अलीकडे समुद्राला लागून असलेल्या एका गावात मामूंचे घर आहे. काही वर्षांपासून ते वाडीच्या बाजूच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. जाताना पाहुणे त्या वहीत चार ओळी लिहितात. सुट्टीत आजोळी गेले की मी ती वही वाचायला घेते. शिक्षकाला वही दिसली की उघडल्याशिवाय राहवत नाही, दुसरे काही कारण नाही.

बहुतेक मजकूर साधाच असतो. सुरमई ताजी होती. तांदळाची भाकरी मऊ. अंघोळीचे पाणी तापायला वेळ लागला. पंखा आवाज करतो. मुलांनी झोपाळा सोडला नाही. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होडीत फार गर्दी, पण तो दोष यजमानांचा नव्हे. आणि अधूनमधून एक वाक्य येते, निरनिराळ्या हस्ताक्षरांत पण जवळजवळ त्याच शब्दांत: मुस्लिम घर असूनही स्वच्छता वाखाणण्याजोगी.

या 'असूनही'भोवती लाल गोल काढावा असे मला दर वेळी वाटते. मामू हसतात. "अगं, तारीफच केली आहे ना त्यांनी?" तारीफच आहे, हेही खरे. ती माणसे दोन रात्री राहिली, मुमानीच्या हातचे जेवली आणि येताना बरोबर आणलेली एक समजूत त्यांनी थोडी सैल केली. हे काम आमच्या सभासंमेलनांतल्या ठरावांनी किती झाले असेल कोण जाणे. म्हणून मी गोल काढत नाही.

मागच्या डिसेंबरात माझ्या मुलीने हट्ट धरला की या वेळी मामूंकडे नको, इतरांसारखे हॉटेलात राहू. मलाही बरे वाटले. आजोळी गेले की चुलीपाशी बसावेच लागते. पैसे देऊन राहिले की कोणी भाकऱ्या भाजायला सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी फोन केला. गृहस्थ फार अगत्याने बोलले. "ताई, खोलीतून समुद्र दिसतो. सकाळी घावन, चटणी. मुलांसाठी वेगळे पैसे नाहीत." तारखा ठरल्या, दर ठरला. मग त्यांनी नाव विचारले. मी सांगितले. फोनवर थोडी शांतता पसरली. "मी जरा वही बघून कळवतो." दहा मिनिटांनी कळवले की खोल्या भरल्या आहेत.

माझ्या ओळखीच्या एक मराठी शाळेतल्या बाई आहेत. त्यांनी त्याच दुपारी, त्याच तारखांसाठी फोन केला. खोली मिळाली. त्यांनी ती अर्थातच घेतली नाही. उलट त्याच इतक्या संतापल्या की त्यांची समजूत मलाच काढावी लागली. मुलीला मी सांगितले, खोल्या भरल्या होत्या. खोटे बोललेच मी. अकरा वर्षांच्या मुलीला समुद्र दाखवण्याऐवजी हे काय दाखवायचे?

मे महिन्यात मामूंकडे गेले तेव्हा मी ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. मामू मान हलवत राहिले. मुमानी सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्या मान खाली घालूनच म्हणाल्या, "बाय, आम्ही पण केलं आहे तसं."

गोष्ट आदल्या वर्षीची. दिवस मावळताना एक कुटुंब दारात आले होते. नवराबायको, म्हातारी आई, दोन मुलगे. पाटी वाचून आले होते. वरची खोली रिकामी होती. मुमानींनी पाणी दिले, बसवले. नोंदवहीत नाव, पत्ता, व्यवसाय लिहावा लागतो म्हणून विचारले. नवरा म्हणाला, मुंबई महापालिकेत, सफाई खात्यात. मुमानी आत गेल्या, मामूंशी बोलल्या, बाहेर येऊन म्हणाल्या की खोली दिली गेली आहे, विसरलेच होते. त्या माणसाने वाद घातला नाही. पिशव्या उचलल्या. म्हातारीने पाण्याबद्दल शुक्रिया म्हटले, 'शुक्रिया' हाच शब्द वापरून. मुसलमानाचे घर म्हणून मुद्दाम.

"पत्ता कुठला होता?" मी विचारले.

"तुझ्याकडचाच. नायगाव."

मी नायगावात राहते. रोज शाळेत जाताना ज्यांच्या वसाहतीवरून जाते, त्यांच्यापैकीच कोणी असतील. कदाचित मुंबईहून येताना आम्ही एकाच एस.टी.त बसलेलो असू.

डिसेंबरपासून मी एक तक्रार जिवापाड जपून ठेवली होती. ती त्या क्षणी माझ्या हातातून गेली. आता काय म्हणणार? त्या रत्नागिरीकडच्या गृहस्थांना मी जे जे मनातल्या मनात सुनावले होते, ते सगळे सुपात तांदूळ निवडणाऱ्या माझ्या मुमानींना सुनवायचे होते. तोंड उघडले नाही.

मुमानींची बाजूही ऐकली पाहिजे. त्या वाईट बाई नाहीत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले तेव्हा मामूंची सुपारीची वाडी जवळजवळ झोपली. सुपारीचे झाड लावल्यापासून हाताशी यायला पाच-सात वर्षे जातात. तोवर खायचे काय? म्हणून दोन खोल्यांवर नवे पत्रे घातले आणि 'राहण्याची व घरगुती जेवणाची सोय' अशी पाटी लावली. मुमानी म्हणतात, "दुकान असतं तर मी कोणालाही माल दिला असता. हे माझं घर आहे. चादरी मी धुते. मोरी मी घासते. माझ्या थाळ्यांत कोण जेवणार हे मी नाही ठरवायचं?"

या बोलण्यात दम आहे. मेहमाननवाजीची थोरवी आपण पुरुषांच्या तोंडून फार ऐकली आहे. फारसी-उर्दू शिकलेल्या कोणालाही शेख सादींच्या 'बोस्तां'मधली हजरत इब्राहीम यांची हिकायत ठाऊक असते. मेहमानाशिवाय ते जेवत नसत. एकदा वाळवंटात भटकणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यांनी आणून दस्तरख्वानावर बसवले. घास घेताना म्हाताऱ्याने अल्लाहचे नाव घेतले नाही. तो अग्निपूजक निघाला. त्यांनी त्याला उठवून लावले. तेव्हा अल्लाहकडून विचारणा झाली की मी याला शंभर वर्षे रोजी दिली, तुला एक घटकाभर तो सोसवला नाही? हिकायत मी वर्गात दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मुले गप्प होतात. पण ते जेवण रांधले कोणी, थाळ्या नंतर कोणी घासल्या, हे असल्या गोष्टींत कुठेच येत नाही. मुमानी ते विचारणारच.

तरीही मला वाटते की मुमानींचे उत्तर त्यांच्याच पाटीने खोडले आहे. पाटी नव्हती तोवर ते घर होते. दार कोणाला उघडायचे हा त्यांचा मामला होता. चुकल्या असत्या तर अल्लाहपाशी जबाब दिला असता. पाटी म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिलेला शब्द. पाटीवर लिहिले आहे 'राहण्याची सोय'. कोणाची, ते लिहिलेले नाही. ते लिहायची लाज वाटते म्हणूनच लिहिलेले नाही. रत्नागिरीकडच्या गृहस्थांनीही मला खरे कारण सांगितले नाही, वहीचा आडोसा घेतला. ज्या हक्काबद्दल खोटे बोलावे लागते, तो हक्क आपला आहे यावर बोलणाऱ्याचाही विश्वास नसतो.

मग यजमानाला काहीच अटी घालता येणार नाहीत का? येतील. मामूंच्या घरी दारू चालत नाही. रात्री दहानंतर गाणी नाहीत. एकदा पुण्याची काही मुले गच्चीवर बाटल्या घेऊन बसली; मामूंनी रात्रीच पैसे परत देऊन त्यांना वाटेला लावले आणि ठीकच केले. कोणी घरात फक्त शाकाहारी जेवण देत असेल तर त्याबद्दलही माझी तक्रार नाही. मी दोन दिवस आमटीभात आनंदाने खाईन. या अटी मेहमानाच्या वागण्याला आहेत. त्या पाळता येतात. 'तू जो आहेस तो असू नकोस' ही अट कोण आणि कशी पाळणार? त्या गृहस्थांनी मला मांस शिजवाल का, असे विचारले असते तर मी नाही म्हटले असते आणि प्रश्न मिटला असता. मुमानींनी त्या कुटुंबाला वाळूचे पाय धुऊन वर जा, असे सांगितले असते तर त्यांनी धुतले असते.

हे मी लिहिते आहे तितके सोपे नाही, हेही कबूल करते. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एक ख्रिस्ती जोडपे आपल्या राहत्या घरात छोटे हॉटेल चालवत होते. दुहेरी पलंगाची खोली फक्त विवाहितांना, हा त्यांचा धार्मिक नियम. 2008 मध्ये त्यांनी एकत्र राहणाऱ्या दोन पुरुषांना ती नाकारली. 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांचे म्हणणे फेटाळले. हे वाचताना आपल्यापैकी पुष्कळांची सहानुभूती मालकांकडे जाईल. माझीही आधी तिकडेच गेली. मालकांचा नियम वागण्याला होता की माणसाला, यावर मी बरेच दिवस विचार केला. माझ्या कसोटीची धार तिथे बोथट होते. पण त्याच देशात 1943 साली वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लियरी कॉन्स्टंटाइन याला लंडनच्या हॉटेलात राहू दिले नव्हते, कारण तो काळा. तो कोर्टात गेला आणि 1944 मध्ये जिंकला; भरपाई मिळाली अवघी पाच गिनी. आज खोली राखण्याचा हक्क मागणाऱ्याने, उद्या आपण कोणत्या दारात उभे असू, हे आधी पाहिलेले बरे. आपण मुसलमान तर दोन्ही बाजूंनी उभे असतो. मुरूडला मेजबान, रत्नागिरीला मेहमान.

आठवीच्या वर्गाला मी शहरियत, म्हणजे नागरिकशास्त्र शिकवते. संविधानाचे पंधरावे कलम उर्दूत समजावून सांगते. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत अडवता येणार नाही. आणि लगेच पुढे विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते. हॉटेल आणि तळे एकाच वाक्यात कशाला, असे एका मुलाने विचारले होते. मी त्याला महाड सांगितले. 20 मार्च 1927. डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि मग परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. त्या दिवशी महाडच्या मुसलमानांनी आपली दारे उघडून कित्येकांना आत घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात परिषदेच्या मंडपाला जागा मिळेना, तेव्हा ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. वर्गात हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. महाड आणि मुरूड आज एकाच रायगड जिल्ह्यात आहेत.

महाडच्या त्या घरांना पाटी नव्हती. भाडे नव्हते. तिथेही चादरी कोणीतरी नंतर धुतल्याच असतील.

आपल्या किनाऱ्यावरचा मुसाफिरांचा अनुभव जुना आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता गोव्याच्या खाली मलबारच्या वाटेने गेला. त्याने लिहून ठेवले आहे की दर अर्ध्या मैलावर लाकडी निवारे असत, बाके असत, विहीर असे, आणि कोणत्याही धर्माच्या वाटसरूला तिथे बसता येई. फक्त पाणी देणारा हिंदू माणूस हिंदूंना भांड्यात पाणी देई आणि मुसलमानांच्या ओंजळीत वरून ओती. इब्न बतूताने त्याबद्दल कुरकूर केलेली नाही. मला मात्र ते वाचताना दोन्ही दिसतात. सावली सगळ्यांना, भांडे नाही. मुमानींनी त्या कुटुंबाला पाणी पेल्यात दिले होते, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. खोली दिली नाही.

आपल्या शहरात आधी धर्मशाळा होत्या, त्याही बहुधा ज्याच्या त्याच्या जमातीसाठी. मग कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी आले. त्यांनी गल्ल्यावर बसून फक्त पैसे मोजले. गिरणीतला, बंदरावरचा, कॉलेजातला, सगळे त्याच संगमरवरी टेबलावर. कोणी त्याला मेहमाननवाजी म्हणत नाही, धंदाच म्हणतात. पण धंद्याने जे केले ते अगत्याने केले नव्हते. म्हणून पैसे घेऊन खोली देणे कमी दर्जाचे, असे मला वाटत नाही. पैसे घेतले की नाव विचारायचा हक्क कमी होतो, हीच त्यातली चांगली गोष्ट.

शेवटी मी मुमानींशी बोलले. भाषण केले नाही. "ते लोक पुन्हा आले तर?" एवढेच विचारले. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते कशाला येतील?" मामू उठून बाहेर गेले.

रात्री मी वही घेऊन ती तारीख शोधली. आदल्या दिवशी ठाण्याच्या कुटुंबाने सोलकढीची तारीफ केली आहे. तीन दिवसांनी नाशिकच्या कोणी मच्छरांबद्दल लिहिले आहे. मधली जागा कोरी नाही, ओळीखाली ओळ आहे. कोणी आले नाही असे वही पाहून वाटते.

नायगावात मी अजून कोणाला काही विचारलेले नाही. सकाळी वसाहतीच्या फाटकापाशी म्हाताऱ्या बायका उन्हाला बसलेल्या असतात. त्यांतली एक मला आता सलाम करते, की मीच आधी करते, ते आठवत नाही.