सायकलीचें कुलूप आणि विश्वास

एका खेड्यांतील उपदेशकबंधूंनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, देवाच्या सेवेकरितां वापरावयाची सायकल प्रार्थनामंदिराच्या दाराशीं उभी करून तीस कुलूप लावणें हा अविश्वास नव्हे काय? प्रभु राखणारा असतां साखळी कशाला? प्रश्न भावार्थाचा आहे, म्हणून त्याचें उत्तर देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सैतानानें प्रभूस मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगितलें, परंतु प्रभूनें ती टाकिली नाहीं. पित्यावर त्याचा भरंवसा नव्हता असें नाहीं. पण भरंवसा ठेवणें निराळें आणि देवाची परीक्षा पाहणें निराळें. आपल्या हातून होण्यासारखी खबरदारी न घेतां ती देवावर टाकणें, हें परीक्षा पाहणेंच होय.

याहून मोठें कारण शेजाऱ्याचें आहे. जो खड्डा खणून उघडा ठेवितो, त्यानें त्यांत पडून मेलेल्या बैलाची भरपाई करावी, असें मोशेच्या नियमशास्त्रांत आहे (निर्गम २१:३३, ३४). बिनकुलपाची सायकल हाही एक उघडा खड्डाच. चोरीचें पाप चोराचेंच, यांत शंका नाहीं. तरी ज्याच्या घरीं आज चूल पेटली नाहीं, त्या दुर्बळ भावाच्या वाटेंत आपण मोह कां ठेवावा? आपली सायकल जाईल, पण त्याची अब्रू जाईल.

म्हणून कुलूप नीट लावावें. नुसत्या चाकास लाविलेलें कुलूप पुरत नाहीं, कारण सायकल उचलूनही नेतां येते. साखळी मागील चाकांतून व सांगाड्यांतून घेऊन रोवलेल्या खांबास बांधावी. सायकल चार माणसांच्या नजरेसमोर ठेवावी आणि सांगाड्यावर ठोकलेला नंबर वहींत लिहून ठेवावा.

परंतु कुलूप लावणें म्हणजे संशय घेणें नव्हे. सायकल गेली कीं पुराव्यावांचून अमक्या वस्तीकडे बोट दाखविणें, हें मोठें पाप आहे. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारिला. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. आपल्या मनांतून तो शिक्का पुसला गेला आहे काय, हें ज्यानें त्यानें प्रभूसमोर पाहावें.

बंधूहो, किल्ली खिशांत अवश्य ठेवा. मात्र त्याच वस्तींतला शेजारी आजाऱ्यासाठीं औषध आणावयास सायकल मागूं लागला, तर ती किल्ली लागलीच त्याच्या हातीं द्या. विश्वासाची खरी पारख तेथें होते.